स्टेशन नसलेल्या गावाचा रेल्वे-इतिहास

रेल्वेच्या वेळापत्रकात ‘कोरेगाव’ शोधलंत तर लगेच सापडतं. पुणे–मिरज मार्गावर, साताऱ्याच्या पुढचं स्टेशन. पण ते सातारा जिल्ह्यातलं, तालुक्याचं गाव. पुणे स्टेशनाला जवळजवळ लागून कोरेगाव पार्क आहे, आणि तिकडे उरुळी कांचनजवळ कोरेगाव मूळ आहे. आपल्याला आज ज्या गावाबद्दल बोलायचंय ते कोरेगाव भीमा. तालुका शिरूर, पुणे–नगर रस्ता, पुण्यापासून साधारण तीस किलोमीटर. या गावाला रेल्वे नाही.

मग रेल्वेच्या इतिहासात त्याचं काय काम? माझ्या मते बरंच आहे. रेल्वेवर संशोधन करायचं म्हटलं की आपण नकाशा उघडतो, रूळ कुठून कुठे गेले ते पाहतो आणि रुळांवरच्या गावांची यादी करतो. जंक्शन, वर्कशॉप, रेल्वे कॉलनी, झालं. रूळ ज्यांना टाळून गेले त्या गावांचं काय झालं आणि स्टेशनवर उतरलेला माणूस पुढे आपल्या गावापर्यंत कसा पोचला, हे दोन प्रश्न बहुतेक आराखड्यांत नसतातच. सिनॉप्सिस लिहायच्या बेतात असाल तर थोडं थांबा. मुंबईहून दौंडपर्यंत एक रेल्वेप्रवास करू, आणि मग हे प्रश्न त्या प्रवासात कुठे कुठे भेटतात ते बघू.

रेल्वेवेड्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. पुण्यात दरवर्षी १ जूनला डेक्कन क्वीनचा वाढदिवस केक कापून साजरा होतो (ही गाडी १ जून १९३० ला सुरू झाली), आणि कोथरूडमध्ये जोशींचं छोट्या रेल्वेगाड्यांचं अख्खं संग्रहालय आहे. असा माणूस खिडकीत बसला की इंजिनाचा नंबर, डब्यांची संख्या, क्रॉसिंगला गाडी किती मिनिटं थांबली, सगळं वहीत टिपतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ही सवय सरळ उचलावी. फक्त प्रत्येक नोंदीपुढे एक ‘का?’ लिहायचं.

मुंबईहून पुण्याकडे निघालो की कर्जतला मागे जादा इंजिनं लागतात आणि गाडी बोरघाट चढायला लागते. या ठिकाणी पहिलं ‘का’ येतं. खंडाळा ते पुणे रूळ १८५८ मध्येच तयार झाले होते. घाटाखाली खोपोलीपर्यंत गाडी त्याच्याही आधी, १८५६ मध्ये पोचली होती. पण मधला घाट पूर्ण व्हायला १८६३ उजाडलं. म्हणजे पाच वर्षं मुंबई–पुणे ‘रेल्वेप्रवास’ म्हणजे खोपोलीपर्यंत आगगाडी, मग घाटात पालखी, बैलगाडी नाहीतर स्वतःचे पाय, आणि वर खंडाळ्याला पुन्हा आगगाडी. पाठ्यपुस्तकात ‘१८५८ मध्ये रेल्वे पुण्याला आली’ एवढं एक वाक्य असतं. ते खोटं नाही, पण प्रवाशाच्या बाजूने पाहिलं तर त्यात एक डोंगर गाळलेला आहे.

त्या डोंगरात माणसं मेली, हजारोंनी मेली. कॉलरा, ताप, सुरुंग, दरडी. १८५९ च्या सुरुवातीला मजुरीवरून कामगारांचा दंगा झाला. त्याच वर्षी कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. पुढचं कंत्राट त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने, निभावलं. इयान कर यांचं भारतीय रेल्वेबांधणीवरचं १९९५ चं पुस्तक या मजुरांबद्दल आहे. रेल्वेवर काम करणार असाल तर इंजिनांवरच्या पुस्तकांआधी ते वाचा.

लोणावळा ते पुणे या टप्प्यात १९७८ पासून लोकल धावते. तिच्यात बसलं की मुंबईच्या लोकलचीच आठवण येते, पण गर्दीचा स्वभाव वेगळा असतो. पिंपरी, चिंचवड, खडकी इथले कारखाने आणि कॉलेजं यांच्या वेळा त्या गाडीत दिसतात. पुण्याच्या पुढे मात्र चित्र बदलतं. कल्याण–पुणे मार्ग विजेवर आला तो डेक्कन क्वीन सुरू होण्याच्या सुमाराला. पुणे–दौंड हा पाऊणशे किलोमीटरचा तुकडा विजेवर यायला त्यानंतर आठ दशकांहून जास्त काळ गेला. २०१७ मध्ये इथे डेमू सुरू झाली, मेमू त्यानंतर. त्याआधी दौंड, पाटस, केडगाव, यवतहून रोज पुण्याला अप-डाऊन करणारे पासवाले पॅसेंजरवर आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांवर अवलंबून होते. ‘उपनगरी’ ही भौगोलिक गोष्ट आहे की प्रशासकीय दर्जा? या पट्ट्यात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही, कारण गाड्यांची संख्या, थांबे आणि भाडं या शब्दावर ठरतं.

हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी, यवत, खुटबाव, केडगाव, कडेठाण, पाटस, दौंड. ही नावं नुसती वाचली तरी इतिहास सुटत जातो. केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुली आणि बायका अखेर इथे आल्या. केडगावला स्टेशन नसतं तर मुक्ती तिथेच उभं राहिलं असतं का? एम.ए.च्या प्रबंधाला एवढा प्रश्न पुरेसा आहे.

आता दौंड. इथे रेल्वेवेडा माणूस घड्याळ काढून बसतो. पुण्याहून नगर–मनमाडकडे जाणाऱ्या गाडीला दौंडला वर्षानुवर्षं इंजिन बदलून उलट्या दिशेने निघावं लागायचं. गाडी पुण्याकडून स्टेशनात शिरते, पुढचं इंजिन सुटतं, मागच्या टोकाला लागतं, आणि आलो त्याच बाजूने बाहेर पडून गाडी उत्तरेला वळते. नवख्या प्रवाशांची पाठ आता इंजिनाकडे होते आणि ‘गाडी परत पुण्याला चालली की काय’ अशी कुजबुज सुरू होते. अलीकडच्या वर्षांत दौंड कॉर्ड लाईन झाल्याने काही गाड्या हे टाळून जातात.

असं का होतं? मनमाडचा रूळ दौंडला पुण्याच्या बाजूने येऊन मिळतो. त्यामुळे मनमाडहून आलेली गाडी सोलापूरकडे सरळ निघून जाते, इंजिन फिरवावं लागत नाही. उत्तरेतून दक्षिणेकडे जाणारी कर्नाटक एक्सप्रेस तशीच जाते. अडतं ते पुणे–नगर जाणाऱ्याचं. म्हणजे या जंक्शनचा आकार उत्तर–दक्षिण वाहतुकीला सोयीचा आणि शेजारच्या दोन जिल्ह्यांच्या प्रवाशांना गैरसोयीचा आहे. हे रुळांकडे बघून कळतं, कागद लागत नाही. पण ‘मुद्दाम तसं केलं’ असं वाक्य लिहायचं असेल तर कागद लागतो: सर्वेक्षणाचे अहवाल, सार्वजनिक बांधकाम खात्याच्या फायली, पत्रव्यवहार. काय झालं ते रूळ दाखवतात, हेतू दाखवत नाहीत. व्हायवामध्ये या दोन्हींतला फरक हमखास विचारतात.

कागदांत थोडी पार्श्वभूमी मिळते. जीआयपी रेल्वेची आग्नेय शाखा पुण्याहून दिकसाळ, बार्शी रोड (आजचं कुर्डुवाडी), मोहोळ करत १८६० मध्ये सोलापूरला आणि १८७१ मध्ये रायचूरला पोचली. तिथे तिला मद्रासकडून आलेला मार्ग मिळाला. ध्येय मद्रास होतं, वाटेतला माल कापूस होता. नगर त्या वाटेवर नव्हतं. नगरला रेल्वे मिळाली १८७८ मध्ये, धोंड–मनमाड स्टेट रेल्वेने. (इंग्रजी कागदांत दौंड ‘धोंड’ असतं, शिरूर ‘सिरूर’ किंवा ‘घोडनदी’, आणि कोरेगाव ‘कोरीगॉम’सारख्या चार-पाच स्पेलिंगांत. अर्काइव्हच्या सूचीत फक्त आजचं नाव टाकून शोधलं तर निम्मा माल हातचा जातो.)

१८७८ हा आकडा बघितला की दुष्काळ आठवला पाहिजे. १८७६ ते ७८ हा दख्खनचा मोठा दुष्काळ. धोंड–मनमाडच्या मातीकामावर दुष्काळी कामाचे मजूर होते. १८७७ च्या सुरुवातीला सर रिचर्ड टेंपलने मजुरी कापून दिवसाला सुमारे एक पौंड धान्य आणि वर अर्धा आणा या पातळीवर आणली, तेव्हा मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी कामांवरून माणसं काम टाकून निघून गेली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. दौंडहून नगरकडे जाताना स्टेशन सुटलं की लगेच भीमेचा पूल लागतो. ज्यांच्या हातांनी त्या मार्गाचे भराव घातले, त्यांना तेव्हा पोटभर अन्न मिळत नव्हतं.

हीच भीमा वर कोरेगावाजवळून येते. रांजणगाव सांडसला तिला मुळा-मुठा मिळते आणि मग ती दौंडला पोचते.

आता कागदावर एक त्रिकोण काढा. पुणे, दौंड, नगर. पुणे–दौंड रेल्वे आहे, दौंड–नगर रेल्वे आहे. दोन बाजू मिळून साधारण एकशेसाठ किलोमीटर. तिसरी बाजू, पुणे–नगर थेट, रस्त्याने साधारण एकशेवीस. या तिसऱ्या बाजूवर वाघोली, लोणीकंद, कोरेगाव भीमा, शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर ही गावं आहेत. त्यांतल्या एकालाही रेल्वे नाही.

आणि गंमत बघा, एकेकाळी हीच मुख्य बाजू होती. शिरूरला इंग्रजांची लष्करी छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी तिथूनच पुण्याकडे निघाली, रात्रभर सत्तावीस मैल चालली आणि १ जानेवारी १८१८ ला सकाळी कोरेगावला पोचली. पुढची लढाई सगळ्यांना माहीत आहे. लढाई कोरेगावला झाली याचं एक कारण अगदी साधं आहे. लष्कराचा रस्ता तिथून जात होता आणि तिथे नदी होती. चाळीस वर्षांनी रूळ आले ते दुसऱ्या दरीतून.

रूळ नसल्याने हा रस्ता मेला का? तसं म्हणता येत नाही, आणि मला हा भाग सगळ्यात रंजक वाटतो. स्वातंत्र्यानंतर एसटीची पहिली बस धावली ती १ जून १९४८ ला, पुणे आणि अहमदनगर यांच्या दरम्यान. म्हणजे याच तिसऱ्या बाजूवर. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. (डेक्कन क्वीनचा वाढदिवसही १ जूनच. हा योगायोग, त्याचं प्रकरण करू नका.) पहिल्या फेरीला हाच रस्ता का निवडला? माझं गृहीतक असं की जिथे रेल्वे वळसा घालते तिथे बसला गिऱ्हाईक तयार असतं. हे गृहीतक आहे, निष्कर्ष नव्हे. ते तपासायचं तर १९४८ आधीच्या खासगी मोटारींचे परवाने, टोलचे आकडे आणि रेल्वेची दौंडमार्गे तिकीटविक्री एकमेकांशेजारी मांडायला लागेल. रेल्वेचा इतिहास आणि एसटीचा इतिहास आपल्याकडे दोन वेगळ्या कपाटांत ठेवलेत. प्रवासी मात्र एकाच दिवशी दोन्हींत बसायचा.

जुनी वेळापत्रकं वाचताना एक सावधगिरी. १९०६ च्या आधी रेल्वे मद्रास टाईमवर चालायची आणि मुंबई शहर मुंबई टाईमवर. दोन्हींत जवळपास अर्ध्या तासाचा फरक. मुंबईने तर आपली वेळ भारतीय प्रमाणवेळ आल्यावरही बरीच वर्षं सोडली नाही. तेव्हा ‘गाडी सकाळी अमुक वाजता सुटली’ असं कुठल्या आठवणीत वाचलंत तर आधी विचारा, कोणाच्या घड्याळात?

आता शेवटच्या टप्प्याकडे, म्हणजे स्टेशनच्या दाराबाहेर.

१८५३ मध्ये कार्ल मार्क्सने न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात लिहिलं होतं की रेल्वेतून येणारा आधुनिक उद्योग हिंदुस्थानातली जातीवर आधारलेली श्रमविभागणी मोडेल. या मतावर कित्येक ‘रेल्वे आणि सामाजिक बदल’ छापाची प्रकरणं उभी आहेत. डब्यात सगळे शेजारी बसले, पैसे मोजेल त्याला तिकीट, वर्ग आहे पण जात नाही. यात तथ्य आहेच. पण त्याच्यासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मधला पहिला प्रसंग ठेवून बघा.

साल १९०१. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामाच्या तलावावर खजिनदार. त्या गावाचं नाव कुठे कोरेगाव येतं, कुठे गोरेगाव; म्हणजे नावांचा घोळ इथेही आहे. नऊ-दहा वर्षांचा भीमराव, थोरला भाऊ आणि बहिणीची मुलं साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघतात. नवे कपडे, आगगाडीचा पहिलाच प्रवास, मुलं हरखलेली. गाडीचा प्रवास सुखाचा होतो. मसूर स्टेशनला उतरतात. वडिलांना पत्र पोचलेलं नाही, न्यायला कोणी आलेलं नाही. मुलांचे कपडे बघून स्टेशन मास्तर आपुलकीने चौकशी करतो. जात कळते आणि त्याचा चेहरा बदलतो. बैलगाडीवाले भाडं घ्यायला तयार नाहीत. शेवटी एक जण तयार होतो, दुप्पट पैशांवर आणि या अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. रात्री नाक्यावर पाणी मिळत नाही. मुलं उपाशी झोपतात आणि दुसऱ्या दिवशी गावाला पोचतात.

मसूरपर्यंत रेल्वे त्यांना घेऊन आली आणि तिकीट खरं होतं. अडलं ते पुढच्या रस्त्यावर, जिथे वाहन दुसऱ्याच्या मालकीचं होतं आणि पाणीही. तुमच्या प्रबंधात रेल्वेचा प्रवास स्टेशनवर संपत असेल तर हा सगळा प्रसंग तुमच्या हद्दीबाहेर पडतो. प्रवाशाच्या घरापासून घरापर्यंत मोजलंत तर तोच प्रकरणाचा कणा होतो. रितिका प्रसाद यांचं २०१५ चं ‘ट्रॅक्स ऑफ चेंज’ रेल्वेतल्या रोजच्या व्यवहाराकडे, प्रवाशाच्या अन्न-पाण्याकडे, वेळेकडे, रोगराईकडे बघतं. ते पुस्तक वाचून झालं की आपल्या जिल्ह्यापुरता एक पाऊल पुढे, स्टेशनच्या फाटकाबाहेर, टाकता येतं.

म्हणून मी पुन्हा कोरेगाव भीमाकडे येतो. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला इथे आले होते. आज दर १ जानेवारीला लाखो माणसं जयस्तंभाला मानवंदना द्यायला येतात. (स्तंभ गावाच्या पलीकडच्या काठावर, पेरणे गावच्या हद्दीत, म्हणजे हवेली तालुक्यात आहे. महसुली कागद शोधताना तालुका चुकू देऊ नका.) विदर्भातून महाराष्ट्र एक्सप्रेस किंवा आझाद हिंद, मराठवाड्यातून नांदेडकडच्या गाड्या, मुंबईहून आधी लोकल, मग पुण्याची कुठलीही गाडी. लांब पल्ला आणि लोकल असे दोन्ही प्रवास इथे एकाच कुटुंबाच्या एका रात्रीत होतात. आणि शेवटचा टप्पा पुणे स्टेशनहून किंवा दौंड, नगरहून बस, टेम्पो, जीप, आणि बंदोबस्तामुळे गाडी अलीकडेच थांबली तर पायी.

उलट दिशेचंही एक उदाहरण आहे. १ जानेवारी २०१८ ला, लढाईच्या दोनशेव्या वर्षी, इथे हिंसाचार झाला. दुसऱ्या दिवशी चेंबूर, गोवंडी भागात निदर्शनं झाली आणि हार्बर मार्गावरच्या लोकल बंद पडल्या. ३ जानेवारीच्या महाराष्ट्र बंदमध्ये मुंबई आणि ठाण्यात ठिकठिकाणी लोकल अडवल्या गेल्या. ज्या गावाला स्टेशन नाही, त्या गावात जे घडलं त्याने मुंबईची लोकल थांबली. कोरेगावशी नातं असलेली माणसं मुंबईत रेल्वेकाठच्या वस्त्यांत कधी आली, कुठल्या कामाला आली, कुठल्या गाडीने आली, हे स्थलांतराचे प्रश्न आहेत. त्यांची सुरुवात पुन्हा त्या त्रिकोणापाशी होते.

काम सुरू करायचं असेल तर कुठून? जिल्ह्याचं १८८५ चं गॅझेटिअर घ्या, तीन भागांत आहे. त्यात व्यापाराचं प्रकरण वाचताना रस्ते आणि रेल्वे वेगवेगळे न वाचता एका नकाशावर उतरवा. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांवरच्या आयोगाचा अहवाल घ्या. रेल्वेच्या बांधकामाने गावांत आलेला पैसा आणि तो आटल्यावर वाढलेलं कर्ज यांची चर्चा तिथे आहे, आणि दंगे झालेल्या भागात शिरूर तालुकाही आहे. मग पुण्याचं पेशवे दफ्तर आणि मुंबईचं राज्य अभिलेखागार. ‘दीनबंधु’, ‘ज्ञानप्रकाश’, ‘केसरी’, ‘बहिष्कृत भारत’ यांचे उपलब्ध अंक चाळताना बातमीइतक्याच लक्षपूर्वक जाहिराती आणि सभांच्या सूचना बघा. सभेला यायचं कसं, कुठल्या स्टेशनवर उतरायचं, पुढे गाडीची सोय आहे का, असा मजकूर सूचनेत येतो, अग्रलेखात येत नाही.

आणि मुलाखती. लोणीकंद, शिक्रापूर, सणसवाडी, शिरूर इथल्या साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांना ‘रेल्वेचा तुमच्या जीवनावर काय परिणाम झाला?’ असं विचारू नका, उत्तर भाषणासारखं येईल. विचारा, ‘मुंबईला पहिल्यांदा गेलात तेव्हा घरातून किती वाजता निघालात, आणि स्टेशनपर्यंत कोणी सोडलं?’ बायकांना वेगळं विचारा, शक्यतो घरातले पुरुष समोर नसताना. सासर-माहेरच्या प्रवासात एसटी कुठली, वडाप कुठलं आणि गाडी कुठली, हे त्यांना स्टँडच्या नावासकट आठवतं. रेल्वेवेड्याच्या वहीसारखं सगळं टिपून घ्या: वेळ, वाहन, भाडं, सोबत कोण होतं, पाणी कुठे प्यालं.